डोळे बांधणारा

एस.टी. फाट्यावर सोडून गेली.
पौष महिना, उन्हाला धार नाही,
मी रजेवर, हातात आईच्या स्वेटरची पिशवी,
आणि रस्त्याला लागून जंबेरीच्या रोपांच्या ओळी.
त्यांत वाकलेला माणूस सालीला चीर देतोय,
उलट्या टीसारखी,
संत्र्याचा डोळा आत सरकवतोय,
मागून त्याची बायको प्लास्टिकची पट्टी गुंडाळत येतेय.

मी पावलं मोजली. सवयच लागलीय.
शंभर. दीडशे. ओळ संपली,
तो वळला, दुसरीला लागला.

सात महिन्यांपूर्वी हाच जानराव फरकाडे ओपीडीत म्हणाला होता,
"चाळीस पावलं गेलो का पोटऱ्या दगड होते, बाई.
मंग बसा लागते. लोकाईले वाटते, बिडीसाठी बसला."
बिडीसाठीही बसत होता. तेही त्यानेच सांगितलं,
कानामागची काढून दाखवत.
मेची दुपार, आणि त्याचे पाय
माठासारखे गार.

बेंबीमागून मोठी धमनी खाली येते
आणि दोन पायांसाठी दोन वाटा करते.
त्याची त्या फाट्यावरच बुजलेली.
डॉक्टर हेडाऊंनी नवी नळी दाखवली,
पांढरी, विणलेली, एक खोड, दोन फांद्या.
"हा ग्राफ्ट. तुमच्या भाषेत कलमच म्हणा."
जानरावने कापड चाचपलं.
"कलम नोय हे. लेकराचा पायजमा होय."
डॉक्टर इतके हसले की चष्मा काढावा लागला.

बायकोचं चित्त मात्र रोबोटपाशी अडलेलं.
मशीन कापणार, डॉक्टर दूर कोपऱ्यात
डबड्यात डोकं घालून बसणार,
"मंग यायच्यापाशी कोन राह्यते?"
मी म्हटलं, मी.
तिने माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहिलं.
नखं कापलेली आहेत का, बघत असावी.

गॅसने फुगवलेलं पोट, करंगळीएवढी पाच भोकं,
जांघांत दोन चिरा.
प्लास्टिक ल्यालेले चार हात वरून उतरलेले.
खोलीच्या त्या टोकाला डॉक्टरांची बोटं हलली
की इथे, त्याच्या आत, सुई वळायची,
मनगट वळावं तशी, आणि मनगट कुठेच नाही.
मी सुई आत द्यायची, उरलेला दोरा बाहेर घ्यायचा,
रक्त ओढून जागा कोरडी ठेवायची.
धमनीला चिमटा लागला तेव्हापासूनची मिनिटं
कोणीतरी मोठ्याने वाचत होतं.
एक्केचाळीस. बेचाळीस.
आईने बारा हंगाम पट्ट्या बांधल्या, शेकड्याच्या भावाने.
ती सांगायची, सैल राहिली तर पाणी शिरते,
आवळली तर डोळा गुदमरते.
चोपन्नाव्या मिनिटाला डॉक्टर माइकमधून म्हणाले, सोडतोय.
सगळे टाके कोरडे राहिले, एक सोडून.
त्यातून थेंब आला. टिपला. पुन्हा आला.
मग नाही आला.
चादरीखाली हात घालायची मला मुभा नाही.
गुणवंतमामांनी खालून पाऊल धरलं,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"गरम होऊन राह्यला, सिस्टर. डावाबी."

आता तो बांधाशी येऊन उभा. कानामागे बिडी नाही,
पट्टीचा एक तुकडा खोचलेला.
"कलमा पायजेत का? फेब्रुवारीत भेटतीन."
मास्कशिवाय त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं.
आणि मी त्याचं काय काय पाहिलंय
हे बांधावर उभं राहून कसं सांगायचं?
म्हटलं, नाही, सहज थांबले.

बायको उठली नाही. पिशवीच्या बंदावरची
माझी बोटं तिने पाहिली, मग मला.
"बस ना व माय. मागची ओळ उघडी पडली."
आणि पट्ट्यांची अर्धी जुडी माझ्यापुढे टाकली.

मी पिशवी खाली ठेवली.
पहिलीच पट्टी सैल बसली.
तिने काही न बोलता ती उकलली
आणि परत बांधली.